पाठक्रम, अर्थक्रम आणि दुभाषी

विनोबा भावे यांनी वर्धा येथे ७ ऑक्टोबर १९३० रोजी 'गीताई'च्या लेखनास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण केले. त्यानंतर एका वर्षाने, २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जून १९३२ पर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. मूळ ग्रंथ एकच, अर्थ सांगणारा एकच आणि मधला काळही अल्प. तरीही 'गीताई' आणि 'गीता-प्रवचने' या दोन कृती शेजारी ठेवल्या की त्या एकाच व्यापाराची दोन फळे आहेत असे वाटत नाही. पहिलीस भाषांतर म्हणावयाचे आणि दुसरीस विवरण म्हणावयाचे, ही रूढ वाटणी आहे. परंतु ती फार वरवरची आहे. तिच्यात भेद काय तो विस्ताराचा उरतो : जे थोडक्यात ते भाषांतर, जे पाल्हाळाने ते विवरण. वस्तुतः भेद आहे तो अर्थ केव्हा निश्चित होतो आणि कोणाच्या समक्ष होतो, यात. हा भेद नेमका दाखवून देणारी एक विभागणी आज संगणकशास्त्रात सर्वमान्य आहे, आणि तिच्यापेक्षा कितीतरी जुनी अशी दुसरी एक विभागणी पूर्वमीमांसेत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातील पहिलीचा आधार घेणे कदाचित परके वाटेल. परंतु संगणकाने 'इंटरप्रिटर' हे नाव मुळात माणसाच्या व्यवसायावरून उचललेले आहे. तेव्हा नावाबरोबर त्याने काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे विचारण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाकडे राहतोच.

मराठीत या व्यवसायास दुभाषी हा साधा आणि अचूक शब्द आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. त्याच राजवटीत, रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. दरबारी व्यवहारातील फार्शी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द त्यात योजून दिलेले आहेत. कोश आणि दुभाषी यांचे कार्य वरकरणी एकच दिसते, कारण दोघेही एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत वाट करून देतात. तथापि कोशातला प्रतिशब्द प्रसंग उद्भवण्यापूर्वी ठरलेला असतो आणि पुढे कोणीही, कोठेही तो वापरावा अशी अपेक्षा असते. दुभाष्याचा शब्द प्रसंगातच जन्म घेतो. बोलणारा समोर, ऐकणारा समोर. मागचे वाक्य परत घेता येत नाही आणि पुढचे अजून उच्चारले गेलेले नाही. खोडून पुन्हा लिहिण्याची जी सोय भाषांतरकाराला असते, ती त्याला नाही.

संगणकातील विभागणी हीच रेषा फार कडकपणे ओढते. माणसाने लिहिलेला आज्ञासंच यंत्राला कळेल अशा रूपात आणण्याचे दोन मार्ग आहेत. १९५७ साली उपयोगात आलेल्या फोर्ट्रान या भाषेचा कंपायलर संपूर्ण आज्ञासंच आधी वाचून घेई, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करी आणि मग ते रूपांतर चालविले जाई. ते चालत असताना मूळ लेखाची गरज उरत नसे. इंटरप्रिटर असे करीत नाही. तो एक आज्ञा वाचतो, त्या क्षणी स्मृतीत कोणत्या नावाला कोणते मूल्य दिलेले आहे ते पाहतो, आज्ञा अमलात आणतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. तो मागे काही भाषांतर ठेवून जात नाही. त्याचे वाचणे हेच करणे असते. लिस्प या भाषेच्या इतिहासातील एक प्रसंग येथे मोठा बोधक आहे. जॉन मॅकार्थी यांनी या भाषेतील कोणत्याही वाक्याचे मूल्य कसे काढावे याची एक व्याख्या त्याच भाषेत मांडली होती. ती सिद्धान्ताच्या स्पष्टीकरणासाठी, म्हणजे वाचकासाठी होती. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी तीच व्याख्या आयबीएम ७०४ या यंत्रावर उतरविली, आणि जे वाचावयासाठी लिहिलेले होते ते चालू लागले. लिस्पचा पहिला इंटरप्रिटर तो हाच.

आता समजा, पहिल्या ओळीत 'य मध्ये एक मिळवून क्ष काढा' अशी आज्ञा आहे आणि 'य म्हणजे पाच' हे दुसऱ्या ओळीत सांगितले आहे. इंटरप्रिटर पहिल्या ओळीवरच थांबेल, कारण त्या घटकेस य अज्ञात आहे. दुसरी ओळ अगदी लगतच आहे, हे त्याला सांगून उपयोग नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथॉनसारख्या भाषेत इंटरप्रिटर आरंभी सर्व लेखाचे व्याकरण तपासून त्याला एक मधले रूप देतो, हे खरे. परंतु नावाचा अर्थ शोधण्याचे काम ती ओळ चालविण्याच्या क्षणापर्यंत तेथेही पुढे ढकललेले असते. म्हणूनच ज्या ओळीवर कधी येण्याचा प्रसंगच पडला नाही, तिच्यातील असा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो.

मीमांसकांपुढे नेमका हाच पेच होता. जैमिनीच्या सूत्रांचा पाचवा अध्याय क्रमाविषयी आहे, आणि त्या चर्चेतील एक उदाहरण मीमांसेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. अग्निहोत्राचे हवन करावे, असे वचन आधी येते आणि यवागू म्हणजे पेज शिजवावी, हे वचन नंतर येते. हवन तर त्या यवागूनेच करावयाचे आहे. पाठातील क्रम पाळला तर हवनाच्या वेळी हवनद्रव्य तयार नाही, आणि नंतर शिजविलेल्या यवागूला काही प्रयोजन नाही. म्हणून मीमांसक म्हणतो की येथे पाठक्रम सोडावा आणि अर्थक्रम, म्हणजे प्रयोजनाने सुचविलेला क्रम, धरावा. कारण अर्थ हा पाठापेक्षा बलवत्तर आहे. यंत्र ज्या ठिकाणी अडून राहते त्या ठिकाणी मीमांसक मागे फिरतो, चूल पेटवितो आणि मग हवनाला बसतो. शिवाय ज्या दर्शनाने वेदवाक्याचे तात्पर्य क्रियेत मानले, त्या दर्शनालाच अर्थ लावणे आणि अमलात आणणे यांतील सांधा इतक्या बारकाईने तपासावा लागला, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

या दोन क्रमांच्या प्रकाशात 'गीताई' पाहिली तर ती पाठक्रमाची परम निष्ठा आहे असे दिसते. गीतेचे सातशे श्लोक, तितकेच 'गीताई'चे. एका श्लोकाचा आशय त्याच श्लोकात बसवावयाचा, पुढच्यातून उसना घ्यावयाचा नाही आणि मागच्याला मदतीस बोलवावयाचे नाही. या रचनेची प्रेरणा सर्वश्रुत आहे : विनोबांच्या मातोश्रींना संस्कृत येत नव्हते, सोप्या मराठीत गीता त्यांना हवी होती, आणि ती तूच कर असे त्यांनी मुलाला सांगितले होते. त्या १९१८ साली निवर्तल्या. म्हणजे ज्या श्रोत्यासाठी हे भाषांतर झाले तो श्रोता ते लिहिले जात असताना समोर नव्हता. भाषांतरकाराची हीच नेहमीची अवस्था असते, आणि 'गीताई'ने ती एका मोठ्या गुणात पालटून घेतली. समोर कोणी एक विशिष्ट ऐकणारा नाही, म्हणून शब्द असा हवा की तो कोणालाही चालेल. वापरून झिजणार नाही आणि प्रसंगाच्या आधारावाचून उभा राहील. रूपांतर एकदा पूर्ण झाले की मूळ लेख जवळ नसला तरी अडत नाही, हे कंपायलरचे लक्षण येथे अक्षरशः लागू पडते. महाराष्ट्रात ज्यांनी संस्कृत गीतेचा एकही श्लोक म्हटला नाही अशा घरांत 'गीताई' पाठ म्हटली जाते. वर्ध्यास गोपुरी येथील गीताई मंदिरात तिचे श्लोक उभ्या शिळांवर कोरून ठेवले आहेत. या मंदिराला छप्पर नाही. प्रवचन असे कोरून ठेवण्याची कल्पना कोणाला सुचणार नाही.

'गीता-प्रवचनां'ची तऱ्हा वेगळी आहे. तेथे अध्याय क्रमाने येतात, इतकाच पाठक्रम शिल्लक आहे. अध्यायाच्या आत विनोबा श्लोकामागून श्लोक घेत नाहीत; एखादे पद उचलतात, त्याच्याभोवती सगळा अध्याय फिरवितात, मागच्या रविवारचे सूत्र पुन्हा हाती घेतात आणि पुढच्या अध्यायात येणारी गोष्ट आजच सांगून टाकतात. हे यवागू आधी शिजविणे आहे. श्रोत्याजवळ आज काय तयार आहे आणि काय नाही, हे पाहून क्रम ठरतो.

चौथ्या अध्यायातील 'विकर्म' या पदाचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. कर्म, विकर्म आणि अकर्म या तिघांचे स्वरूप जाणावे, असे गीता सांगते. पण विकर्म म्हणजे काय, हे सांगत नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात विकर्म म्हणजे प्रतिषिद्ध कर्म. ज्ञानेश्वरांनी हा अर्थ घेतला नाही. वर्णाश्रमास उचित असे जे विशेष विहित कर्म, ते दुसऱ्या स्थानी घालून निषिद्ध कर्माला त्यांनी त्याच्या पुढे ठेवले. विनोबांच्या विवेचनात ज्ञानेश्वरांचा 'विशेष' कायम आहे, मात्र त्याचा आश्रय बदललेला आहे. विकर्म हे बाहेरच्या कर्माला आतून मिळणारी मनाची जोड होते; शंकराच्या पिंडीवर पाण्याची धार चालू असताना अंतःकरणातही चिंतनाची धार चालू असावी, तसे. कर्माला अशी जोड मिळाली की त्याचा भार नाहीसा होतो आणि ते अकर्म बनते. चौथ्या अध्यायाची ही फोड विनोबांच्या सर्व गीतार्थाचा कणा आहे.

आता या अर्थाला 'गीताई'त किती जागा मिळू शकते? एका चरणाची, फार तर एखाद्या विशेषणाची. प्रवचनात त्याला दृष्टान्त मिळतात, पुनरुक्ती मिळते, श्रोत्याच्या रोजच्या कामाचा आधार मिळतो. परंतु महत्त्वाचा प्रश्न जागेचा नाही. ज्ञानेश्वरांच्या 'विशेषा'ला वर्णाश्रमाचा आधार होता, आणि त्यांच्या श्रोत्यांच्या मनात त्या शब्दाचे मूल्य आधीपासून भरलेले होते. धुळ्याच्या तुरुंगात निरनिराळ्या जातींचे सत्याग्रही एका पंक्तीला बसून एकच काम करीत होते. तेथे हे मूल्य रिकामे पडले होते. एकाच प्रकारच्या श्रमात कोणाचे कर्म विशेष आणि कशाने, या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ते करणाऱ्याच्या मनातच शोधावे लागते. इंटरप्रिटर ज्याप्रमाणे नावाचे मूल्य त्या क्षणीच्या स्मृतीतून काढतो, त्याप्रमाणे येथे पदाचा अर्थ त्या सभेच्या स्थितीतून आलेला आहे. ही उपपत्ती अनुमानाची आहे, हे कबूल केले पाहिजे. पण विकर्माचा तिसरा अर्थ अध्यात्मदृष्टीच्या सूक्ष्मतेवर सोपवून मोकळे होण्यापेक्षा ती अधिक समाधानकारक आहे. ज्ञानेश्वरही श्रोत्यांपुढेच बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा ते लिहून घेत होते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही. मराठीतील गीतार्थाची मोठी स्थित्यंतरे सभेत घडली आहेत, हा योगायोग नसावा.

मात्र येथेच प्रवचनांविषयी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. प्रवचनाचा ओघ मतभेदांच्या चर्चेसाठी थांबत नाही. ज्याने शांकरभाष्य पाहिलेले नाही त्याला विकर्माचा दुसरा अर्थ संभवतो, याची जाणीव होत नाही. दुभाष्याने दोन वाटांपैकी एक निवडली आणि दुसरी वाट श्रोत्याच्या दृष्टीपुरती नाहीशी झाली. समोरासमोरच्या बोलण्यात हे बहुधा अटळ असते; पण बोलणे छापले गेले की ते अटळ राहत नाही, आणि छापील ग्रंथाच्या वाचकाला एखादी टीप मिळावयास हवी होती. मूळ भाषा न जाणणारा श्रोता दुभाष्याला तपासू शकत नाही, ही या संबंधातील मूळ विषमता आहे. यंत्राचा इंटरप्रिटर अज्ञात नावापाशी थबकतो आणि आपले अज्ञान सांगतो. माणूस थबकत नाही. त्याची चूक वाक्याच्या ओघात बेमालूम मिसळून जाते.

कायद्याने ही विषमता ओळखलेली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती खुल्या न्यायालयात त्याला कळेल अशा भाषेत समजावून द्यावी, अशी तरतूद होती आणि दुभाष्यावर सत्य अर्थ सांगण्याचे बंधन होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. शपथ अधिनियम, १९६९ यानुसार साक्षीदाराप्रमाणे दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. भाषांतरित ग्रंथाच्या आरंभी भाषांतरकार प्रस्तावना लिहितो, शपथ घेत नाही. कारण त्याचा ग्रंथ मुळाशी ताडून पाहता येतो. दुभाष्याचे वाक्य हवेत विरून जाते, म्हणून कायदा त्याच्या ग्रंथाला न धरता त्यालाच धरतो.

भाषा एकमेकींपासून फार दूर असतील तेथेच दुभाष्याची गरज अधिक, असा एक समज आहे. वर्ध्याचा अनुभव याच्या उलट आहे. १९३६ साली येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली आणि तेव्हापासून मराठी व हिंदी या दोन भाषा या गावात एकमेकींच्या अंगणात वावरत आहेत. त्यांची लिपी एक, पुष्कळसा शब्दसंग्रह एक. आणि अडचण तेथेच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या परिषदेतून जी शिक्षणपद्धती पुढे आली, ती हिंदीत 'वर्धा शिक्षा योजना' म्हणून ओळखली गेली. मराठी कानाला हे नाव एखाद्या दंडसंहितेचे वाटावे! हिंदीतील 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीतील चेष्टा म्हणजे थट्टा. मराठी विद्यापीठे ज्याला संशोधन म्हणतात त्याला हिंदीत शोध म्हणतात, आणि हिंदीतील 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. येथे कोश कामास येत नाही असे नाही. परंतु कोश उघडावा अशी शंकाच मुळी येत नाही. शब्द ओळखीचा दिसतो आणि वाचक पुढे जातो.

खुद्द परिभाषाही यातून सुटलेली नाही. संसदेच्या १९९६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या, वर्ध्यातील महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात 'अनुवाद एवं निर्वचन विद्यापीठ' आहे. दुभाष्याच्या विद्येला 'निर्वचन' म्हणणे हिंदी परिभाषेत रूढ झाले आहे. भारतीय राज्यघटनेच्या हिंदी पाठातही अनुच्छेद ३६७ चा मथळा 'निर्वचन' असाच आहे. परंतु यास्काच्या निरुक्तात निर्वचन म्हणजे शब्दाचे अवयव सोडवून त्याचा अर्थ उलगडणे. तेथे शब्द स्थिर आहे आणि पाहणारा निवांत. कायद्याच्या कलमालाही हे लागू पडते, कारण कलम छापलेले असते. वाहत्या बोलण्याला मात्र ते लागू पडत नाही. 'अनुवाद' या शब्दाची गंमत आणखी वेगळी : मीमांसेत विधी नवीन सांगतो आणि अनुवाद ज्ञात असलेलेच पुन्हा सांगतो. ज्याला मूळ भाषाच येत नाही त्याला 'ज्ञात' काय असणार? मराठीने दुभाष्यासाठी दुभाषी हा शब्द सोडू नये, आणि यंत्राला तो देऊही नये. यंत्राचा इंटरप्रिटर दोघांच्या मध्ये उभा नसतो. तो एकाचे ऐकून स्वतःच काम करतो. पोथीतील आज्ञा वाचून लागलीच तसे करणाऱ्या यजमानाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. त्याला इंटरप्रिटर हेच उसने नाव राहू द्यावे.

अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांच्या भाषांतरासाठी २०१९ मध्ये 'सुवास' ही यंत्रणा उपयोगात आणली, आणि केंद्र शासनाची 'भाषिणी' ही योजना २०२२ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांत लेखी व बोली मजकुराचे रूपांतर पुरविते. ही यंत्रे अज्ञात नावापाशी थबकत नाहीत. ती अडखळल्यावाचून वाक्य पुरे करतात, आणि त्यांना शपथ देता येत नाही. जुन्या इंटरप्रिटरचा प्रामाणिक अडथळाही गेला आणि दुभाष्याची जबाबदारीही आली नाही, अशी ही तिसरी अवस्था आहे. निकालपत्राच्या बाबतीत मूळ पाठ जवळ असतो, म्हणून धोका मर्यादित आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडच्या 'शिक्षा' या शब्दाचे काय होईल, हा प्रश्न निराळा आहे.

'गीता-प्रवचने' वाचताना एक गोष्ट मात्र सतत ध्यानात ठेवावी लागते. आज हाती असलेला पाठ विनोबांच्या लेखणीतून उतरलेला नाही. ते बोलत असताना सानेगुरुजींनी तो टिपून घेतला. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणारा स्वतः मराठीचा सिद्धहस्त लेखक. वाक्यांचा हळवा वेग, दृष्टान्ताला दृष्टान्त जोडण्याची हौस, आईच्या उल्लेखापाशी रेंगाळणारे शब्द यांपैकी वक्त्याचे किती आणि लेखनिकाचे किती, याचा निर्णय शैलीच्या साक्षेपी अभ्यासावाचून होणार नाही. त्यासाठी 'गीताई'चा आणि विनोबांच्या स्वहस्ते लिहिलेल्या गद्याचा शब्दसंग्रह एका बाजूस, 'श्यामची आई'चा दुसऱ्या बाजूस ठेवून प्रवचनांचा पाठ अध्यायवार ताडून पाहता येईल. त्या तुलनेला आरंभ चौथ्या अध्यायापासूनच करणे सोयीचे होईल.